मोहरीएवढं गायरान

माझ्याकडे लेख मागणाऱ्या संपादकबाईंच्या पत्रात माझा उल्लेख 'अवकाशातून पृथ्वी न्याहाळणारी तरुणी' असा आहे. तो वाचून मी पत्राची लगेच घडी घातली, कारण आमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावरचे लोक माझी पत्रं माझ्याआधी वाचतात. खरी गोष्ट अशी, की नागपूरच्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याहून उंच मी फारशी कुठे गेलेले नाही. विमानात बसलेले नाही. अवकाशातून न्याहाळतो तो उपग्रह, आणि तोही परदेशी. त्याने टिपलेली चित्रं कागदावर छापून टपालाने आमच्याकडे येतात आणि मी त्यांच्यावर पेन्सिलीने रेघा ओढते. एवढंच माझं काम. ते मी गेली सात-आठ वर्षं करते आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुका सांगण्यासारख्या आहेत. बरोबर आलेले नकाशे कपाटात आहेत. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी पुण्याची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. 'फार शांत मुलगी आहे' हा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं होता आणि आई तो कौतुकाचा समजायची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतलं मोठं कोण, हे सांगायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. भूगोलाची पदवी घेतल्यावर नोकरी शोधताना माझी एकच अट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती: माणसांशी कमीत कमी बोलावं लागावं. जमिनीकडे नऊशे किलोमीटरवरून बघायची नोकरी त्या दृष्टीने मला उत्तम वाटली. तेवढ्या अंतरावरून कोणी 'लग्न झालं का?' असं विचारत नाही.

मुलाखतीत साहेबांनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. नकाशा झाला की त्या जिल्ह्यात जीपने हिंडून तो जमिनीवर तपासावा लागतो.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. उपग्रह दर अठरा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याचं एक चित्र म्हणजे दीड हाताचा चौकोनी कागद. बुलढाण्यासारखा एक जिल्हा त्यात जवळजवळ मावतो. चित्रातले रंग आपल्या ओळखीचे नसतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही तो कॅमेरा टिपतो, त्यामुळे जे जमिनीवर हिरवंगार ते कागदावर लालभडक येतं. पाणी काळं दिसतं, उघडी काळी माती निळसर करडी, आणि गाव म्हणजे राखेचा एक डाग. सगळं चित्र बारीक ठिपक्यांचं, आणि एक ठिपका म्हणजे एक एकराहून थोडी जास्त जमीन. त्यावर पारदर्शक कागद पसरायचा, खालून दिवा लावायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि शेत कुठे, जंगल कुठे, पाणी कुठे, ओसाड कुठे अशा हद्दी आखायच्या. सरकारला त्यावरून ठरवायचं असतं की जमीन कुठे थकत चालली आहे, झाडं कुठे लावायची, पाणी कुठे अडवायचं.

हे काम मला मनापासून आवडायचं. अडचण जीपपासून सुरू व्हायची.

जीप चालवायचे शेषरावभाऊ. ते खामगावकडचेच, पन्नाशीला आलेले, आणि पानाने तोंड भरलेलं असलं तरी स्पष्ट बोलणारे. त्या वर्षांत सरकारी जीप दिसली की गडीमाणसं तुरीच्या शेतात गडप होत. कुटुंबनियोजनाच्या मोहिमेची दहशत अजून उतरलेली नव्हती. मग शेषरावभाऊ जीपच्या पायरीवर उभे राहून ओरडत, "पळू नका बे! आपरेशनवाले नाही, फोटोवाले होय!" थोड्या वेळाने तीच माणसं तोंड धुऊन, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून ओळीत उभी राहत. कॅमेरा तर आमच्याकडे नसायचा. मी नकाशाच्या आड तोंड लपवायची आणि म्हणायची, "थँक्यू शेषरावभाऊ, चला." हे वाक्य मी त्या दौऱ्यांत किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. आपण फार सभ्य आहोत असं मला तेव्हा वाटत असे.

पिंपळगाव राजाला दोन चुलतभाऊ माझ्यापुढे येऊन बसले. त्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना तंटा होता. थोरल्याने विचारलं, "वरून फोटो काढते म्हंता, त मंग आमचा धुरा दिसत असंन न त्यात?"

मी सांगितलं की एका ठिपक्यात एकराहून जास्त जमीन येते. धुरा दिसणार नाही.

"बैलजोडी?"

"नाही."

"विहीर तरी?"

"नाही."

थोरला धाकट्याकडे वळला. एरवी ते एकमेकांशी बोलत नसावेत, पण त्या वेळी बोलला. "काय बे, इतल्या वर जाऊन त्याले दिसते तरी काय?" धाकटा म्हणाला, "आपल्या आबासारखं हाये ते. आबाले माणूस दिसत नाही, पण गाव कुठं हाये ते बरोबर सांगते." दोघं हसत हसत बरोबर निघून गेले. माझ्या नकाशाने काही मिटवलं असेल तर तेवढंच.

अमडापूरच्या अलीकडे मी एक तलाव शोधला होता. चित्रात काळाभोर, सुरेख, कडा रेखीव. जुन्या नकाशात तो नव्हता, म्हणून मला अभिमानाने झोप आली नव्हती. प्रत्यक्ष जागी माळ होता आणि माळावर शेळ्या. दोन तास हिंडल्यावर माझ्या लक्षात आलं की तो ढग होता. म्हणजे ढगाची सावली. ढग चित्राच्या काठावर कापला गेला होता आणि सावली तेवढी माझ्या वाट्याला आली होती. हे तिथल्या सरपंचांना सांगणं भाग होतं, कारण तोवर ते सगळी पंचायत घेऊन माझ्यामागे चालत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाले, "म्याडम, कागदावर तलाव आलाच हाये त राहू द्या न. दुरुस्ती तरी मंजूर होऊन जाईन."

अशा चुका सांगून कार्यालयात लोकांना हसवता येतं. मी बोलत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनाही मी ही तलावाची गोष्ट सांगितलेली आहे. पुढची मात्र कोणाला सांगितलेली नाही.

वरवट बकालच्या पुढे पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट, खोल काळी जमीन लागते. तिथे विहिरीचं पाणी खारं. चहात दूध फाटतं. पिकाला ते पाणी देता येत नाही. आमच्या नकाशासाठी चित्र होतं ऑक्टोबरचं, कारण त्या महिन्यात आभाळ स्वच्छ असतं, आणि एका जिल्ह्याला एकच चित्र घ्यायचं असा आमचा नियम होता. त्या चित्रात कपाशी-ज्वारीने सगळा भाग लालेलाल होता आणि एका गावाच्या उत्तरेला गायरानाच्या जागी मोहरीच्या दाण्याएवढं एक करडं ठिगळ होतं. चाळीसेक एकर. लालीचा मागमूस नाही. मी भिंगातून पाहिलं, 'क्षारांनी खराब झालेली, ओसाड' असं ठरवलं आणि हद्द आखली.

तपासणीलाही गेले. पुढच्या सप्टेंबरच्या अखेरीस, शेषरावभाऊंबरोबर. रस्त्याकडेला जीप थांबवली. समोर खरोखरच उघडी काळी जमीन होती, पाटीवरून हात फिरवल्यासारखी साफ. काठावर एक बाई बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. उतरावं, तिला विचारावं, हे मला कळत होतं. पण काय म्हणून सुरुवात करायची? 'नमस्कार, ही जमीन ओसाड आहे का?' हे वाक्य मी मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा मला स्वतःची लाज वाटली. मी वहीत 'ओसाड, खातरजमा झाली' असं लिहिलं आणि म्हटलं, "थँक्यू शेषरावभाऊ, चला."

नकाशा छापून जिल्ह्याला गेला. साहेबांनी माझी पाठ थोपटली नाही, पण 'बरं काम' असं म्हणाले. ते कोणालाच याहून जास्त म्हणत नसत.

फेब्रुवारीत मी दुसऱ्या कामासाठी खामगावच्या विश्रामगृहात मुक्कामाला होते. दुपारी शेषरावभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे पंचेचाळीस-पन्नासची एक बाई. पदराच्या ओच्यात मुळासकट उपटलेली हरभऱ्याची झाडं.

"जय भीम," ती म्हणाली.

"गुड आफ्टरनून," मी म्हणाले. असं का म्हणाले ते मला विचारू नये.

तिने शेषरावभाऊंकडे पाहिलं. "थो कागद हिनंच काढला?"

"हाव. ह्याच म्याडम."

"एवढीशी पोर! मले वाटलं कोनी बुढा साहेब असंन, नजर कमी असंन त्याची."

तिचं नाव गयाबाई. तिने ओचा माझ्या टेबलावर, आखणीच्या कागदांवर रिकामा केला. घाटे टच्च भरलेले होते. म्हणाली, "खाय. पयले खाऊन पाय. ओसाडात पिकला हाये."

मी एक घाटा सोलून दाणा खाल्ला. बोटांना हरभऱ्याची आंब लागली. ती बघत होती, म्हणून आणखी एक खाल्ला.

मग सगळं कळलं. त्या गायरानावर गावातल्या बौद्ध वस्तीतली आठ घरं पुष्कळ वर्षांपासून पीक घेत होती. कागद कोणाकडेच नव्हता. पाणी खारं, म्हणून तिथली पद्धत अशी, की पावसाळाभर शेतात काहीच पेरायचं नाही. वखर फिरवत राहायचं, गवताचं पातं उगवू द्यायचं नाही, पावसाचं सगळं पाणी मातीच्या पोटात जिरवायचं, आणि आभाळ उघडलं की त्या ओलीवर हरभरा पेरायचा. त्या ओलीवरच तो माघापर्यंत निघतो, वरून थेंब द्यावा लागत नाही. म्हणजे माझ्या नकाशाने जी जमीन ओसाड ठरवली, ती त्या शिवारातली सगळ्यांत जपलेली जमीन होती. आणि नकाशात ओसाड म्हणून आता तिथे सरकारी झाडं लागणार होती. हद्दीचा चुना टाकून झाला होता, उभ्या हरभऱ्यातून. पुढच्या आठवड्यात खड्डे.

"त्या दिवशी मी धुऱ्यावरच होती," गयाबाई म्हणाली. "गाडी थांबली. मले वाटलं बाई उतरंन, पानी मांगंन, दोन गोष्टी करंन. तू त आतूनच पाह्यलं अन् लिवलं."

"शेतात काहीच नव्हतं," मी म्हणाले. "गवतसुद्धा नव्हतं."

"गवत नव्हतं कारन म्या काढलं! चार डाव वखर फिरवला बापा. ओसाड असतं त गवत माजलं असतं कमरेइतलं. इतलं त गायीलेबी समजते."

मी भूगोलाची सुवर्णपदक विजेती आहे. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या क्षणी ते मला आठवलं होतं.

ती बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा मी शेषरावभाऊंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी म्हंता, थँक्यू शेषरावभाऊ, चला. मंग मी चालतो." पुढे म्हणाले, "मीच आणलं तिले इथी. रागवायचं असंन त रागवजा."

मी रागावले नाही. रागावण्यासाठी लागणारी मराठी वाक्यंसुद्धा मला चटकन सुचत नाहीत.

नागपूरला परतल्यावर साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "नकाशा चुकला असं आपण लिहीत नाही," ते म्हणाले. "अद्ययावत केला असं लिहितो."

"खड्डे पुढच्या आठवड्यात आहेत, सर."

"शिवाय ती गायरानाची जमीन. आज पीक उभं आहे म्हणून भागणार नाही. तहसीलवाले विचारतील, आधीपासून पिकत होती कशावरून? जुन्या वहितीकडे ते जरा नरमाईने बघतात, कालपरवाच्या नाही. काही पुरावा आहे?"

त्या आठ घरांकडे पावती नव्हती, तलाठ्याच्या वहीत नोंद नव्हती. पुरावा असलाच तर तो आमच्या कपाटात असणार, हे साहेब बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. नापास झालेली चित्रं आम्ही फेकत नाही. दोन दिवस मी ती उपसत बसले. तीन वर्षांमागचं फेब्रुवारीचं एक चित्र मिळालं, मधूनमधून आडव्या रेघा गेलेलं, म्हणून बाद ठरलेलं. गायरान नेमकं दोन रेघांच्या मध्ये होतं. भिंग लावलं. मोहरीचा दाणा लाल होता.

मला इतका आनंद झाला की मी आपण होऊन साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "पत्र देतो," ते म्हणाले. "पण समजावून तुम्हालाच सांगावं लागेल. तिथे जाऊन."

मी पुन्हा भिंग लावलं तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. दाणा लाल होता, पण पूर्वेच्या कडेला नाही. तिथले दोन-तीन ठिपके फिके होते. गुलाबी म्हणावेत की करडे, सांगता येत नव्हतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही तर बरं, असं मनाशी म्हटलं. न विचारलेलं न सांगणं शेषरावभाऊंना तरी शोभत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचले आणि जीपमधून उतरले. गयाबाईने मला सगळं गायरान पायी फिरवलं. कुठल्या घराची पट्टी कुठून कुठवर ते दाखवत ती पुढे आणि मी मागे, चपलेत ढेकळं. "हे रमाबाईचं. हे तिच्या दिराचं. हे आमच्या चुलत सासऱ्याचं." सात पट्ट्या झाल्या. आठवी, अगदी पूर्वेची, अडीच एकरांची. "अन् हे माहं," ती म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. विचारायला नको होतं, पण त्या दिवशी प्रथमच मी विचारलं. "तीन वर्षांपूर्वी इथे काय पेरलं होतं?"

ती म्हणाली, "त्या सालाले मालक गेले माहे. पेरनीच्याच वक्ती. दिवस झाल्यावर अर्धं वावर कसंतरी पेरलं, थेबी उशिरा. निंघालं नाही धड." आणि मग, "काऊन वं?"

"सहज," मी म्हणाले.

दहाच्या सुमारास नायब तहसीलदार आले, वनीकरणाचे अधिकारी आले. निंबाखाली खुर्च्या होत्या, पण नकाशे जीपच्या बॉनेटवर मांडले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. भोवती आठही घरं आणि उरलेलं निम्मं गाव. मी भाषण लिहून आणलं होतं. पहिलंच वाक्य 'प्रस्तुत प्रतिमेच्या विश्लेषणातून' असं होतं. मी ते वाचलं आणि एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पूजा हाये काय बे?"

मी कागद खाली ठेवला. "या फोटोत लाल दिसतं ना," मी म्हणाले, "ते खरं हिरवं असतं."

"मंग काळं असंन थे पांढरं असंन," म्हातारा म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर बोलणं जरा सोपं गेलं. मी ऑक्टोबरचं चित्र दाखवलं, फेब्रुवारीचं दाखवलं. वखराचं सांगितलं. वखराचं सांगताना चुकत होते तिथे मागून दुरुस्त्या येत होत्या.

वनीकरणाचे अधिकारी वैतागलेले होते. चुना त्यांनीच टाकला होता. ते म्हणाले, "म्याडम, आम्ही तुमच्याच नकाशावरून आलो. आता तुम्ही म्हणता फोटो चुकला. मग आम्ही कोणत्या फोटोवर विश्वास ठेवायचा?"

"फोटो चुकला नाही," मी म्हणाले. "दोन्ही फोटो बरोबर आहेत. मी चुकीचं वाचलं. आणि नंतर इथे येऊनही मी जीपमधून उतरले नाही."

सरकारी जीपमधून आलेलं माणूस असं म्हणतं तेव्हा पुढे काय करायचं असतं, हे बहुधा कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

नायब तहसीलदार मात्र कामाचे होते. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि जुन्या चित्रावर वाकले. "लाल आहे खरं," ते म्हणाले. वनीकरणवाल्यांना म्हणाले, "तुमचा चुना वर मुरमाच्या उतारावर न्या. तिथे नाहीतरी काही होत नाही." लोकांत कुजबुज झाली. मग त्यांनी पुन्हा भिंग लावलं. "पट्ट्या किती म्हणालात? आठ? या पूर्वेच्या बाजूला तितकंसं लाल दिसत नाही. ती कोणाची?"

"माही," गयाबाई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला पंचनाम्यात लिहावं लागतं म्याडम. लाल भागाची हद्द तुम्ही आखून द्या. ही पट्टी रेषेच्या आत की बाहेर?"

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, जी आम्ही बाहेरच्यांना सहसा सांगत नाही. कडेचे ठिपके नेहमी मिश्र असतात. अर्धं पीक, अर्धी उघडी माती असा ठिपका ना धड लाल येतो ना करडा, आणि मग आखणारा ठरवतो. शिवाय त्या मापाच्या चित्रावर टोकदार पेन्सिलीची एक रेघसुद्धा पाऊणशे मीटर रुंद असते. गयाबाईच्या पट्टीची रुंदी त्याहून कमी होती. तिचं अख्खं शेत माझ्या रेघेच्या जाडीत मावत होतं. रेघ कडेच्या कुठल्या बाजूने जाते एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर चित्रात नव्हतं. 'निश्चित सांगता येत नाही' हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांनी 'सात पट्ट्या' असं लिहिलं असतं.

"आत," मी म्हणाले.

"नक्की?"

"आत." हे जरा जास्तच मोठ्याने आलं असावं, कारण झाडावरचे कावळे उडाले.

त्यांनी लिहिलं. गर्दी मोकळी झाली. गयाबाईला रेषेचं, ठिपक्यांचं काही समजलं नव्हतं. तिने शेषरावभाऊंना विचारलं, "काय ठरलं भाऊ?"

"तुही पट्टी आत आली," शेषरावभाऊ म्हणाले.

"आत कुठी येते?" ती म्हणाली. "जथी होती तथीच हाये थे." आणि पदर खोचून हरभरा उपटायला निघून गेली, कारण घाटे वाळायला लागले होते आणि उन्हं चढली की ते तडकतात.

त्या आठ घरांच्या नावावर जमीन झाली की नाही, मला माहीत नाही. फाइल पुढे गेली आणि मी दुसऱ्या जिल्ह्यावर. खड्डे मात्र तिथे पडले नाहीत, एवढं शेषरावभाऊंनी कळवलं.

नागपूरला येऊन मी 'अद्ययावत' नकाशाला बसले. खालून दिवा लावला, पेन्सिलीला टोक केलं. पूर्वेच्या कडेशी आल्यावर भिंग बाजूला ठेवलं आणि रेघ पट्टीच्या पलीकडून ओढली. साहेब मागे येऊन उभे होते.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"मी तिथे चालून आले आहे," मी म्हणाले.

ते आपल्या खोलीत गेले. माझ्या आजवरच्या नकाशांमध्ये चित्राकडे न बघता ओढलेली तेवढी एकच रेघ आहे, आणि ती पुसून पुन्हा ओढावी असं मला अजून वाटलेलं नाही.